दोन प्याले

नांदेडच्या टोकाला असलेल्या आमच्या चर्चला शंभर वर्षं झाली, तेव्हा नव्या पाळकसाहेबांनी कपाटातले दोन जुने प्याले घासून घेतले. एक चांदीचा, एक पितळेचा. उपासनेत त्यांनी इतिहास सांगितला, "गर्दी व्हायची म्हणून गोऱ्या साहेबानं दोन प्याले ठेवले होते. आज प्रभुभोजनाचा द्राक्षरस यातूनच पिऊ."

गर्दी कसली? चांदीचा वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा, पितळेचा आमच्या गल्लीचा. हे मी त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "जुनं कशाला उकरता," म्हणाले.

मग रांगा लागल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी पुढच्या बाकांवरचे सगळे चांदीकडं गेले अन् आमची गल्ली पितळेकडं. पाळकसाहेब शिस्त बघून खूश झाले.

माझं डोकं फिरलं. मी जाऊन चांदीच्या रांगेत उभा राहिलो. पुढच्यानं वळून पाहिलं, पण तो काही बोलला नाही. बोलली माझी आई. पितळेची रांग सोडून ती आली आणि तिनं माझी बाही ओढली.

"इकडं ये बाबा," ती हळूच म्हणाली, "त्यायचा प्याला उष्टा होईल."