गेनबांच्या जखमेतले धागे

डॉक्टरला यातून सुटू द्यायचं नाही, असं मी तपासणीच्या आधीच गोरखला सांगून बसले होते. तोंड आवरणं मला कधी जमलंच नाही.

गोरखचे वडील गेनबा, भोर तालुक्यातल्या हिर्डोशीचे. भोरच्या एका दवाखान्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, पोटात जाळी बसवली. जखम चिघळली. पुण्याला आणून पुन्हा पोट उघडलं, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. गेनबा गेले. जाळीच खराब होती, असं गोरखचं म्हणणं. जाळीचा कापून काढलेला तुकडा आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत आला. मीही भोरची, म्हणून ते काम मागून घेतलं.

इन्फ्रारेड किरण टाकले की प्रत्येक पदार्थ ते आपल्या परीने शोषतो आणि त्याची वेगळी रेघ पडद्यावर उमटते. जाळीची रेघ अगदी हवी तशी आली. पण शेजारी, पुवात, काही धागे अडकले होते. दवाखान्यातली पट्टी म्हणावी, तर ती सुती असते. हे पॉलिएस्टर होतं, जांभळं. असलं कापड कुठलाच डॉक्टर जखमेत भरत नाही. मी तीनदा तपासलं. मला ते चुकीचं ठरायला हवं होतं.

शनिवारी मायलेक भोरला माझ्या घरी आले. ठकुबाई दारापाशीच टेकल्या.

"जाळी चांगली होती," मी म्हणाले. "जखमेत कापडाचे धागे राहिले होते. जांभळे. त्यानंच जखम पिकली."

"मंजी डाक्टर फडकं आत इसरला?" गोरखने विचारलं.

नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण म्हणवेना.

ठकुबाईच बोलल्या. "न्हाई रं. त्यो म्हनला हुता, टाका उसवलाय, रोज पट्टी बदलाया या. यष्टी कवा यायची, कवा न्हाई. त्येस्नी चालवंना. मग म्याच बदलायची. दवाखान्यात भरत्यात तसं जखमेत कापड भरायची, हळद लावून."

"घरात जुन्या लुगड्याची सुती धडपी हुती की, आये."

"ती खरबरीत. त्येस्नी टोचू नये म्हनून आपल्या मंगलच्या लग्नात मला घेतल्याली जांभळी साडी फाडली. तेवढीच मऊ हुती."

तुमचा दोष नाही, असं मी म्हणाले. ठकुबाईंनी ते ऐकलंच नाही.

"तवा लई दुखत असंल का ओ त्येस्नी?" त्यांनी मला विचारलं. "मला तर म्हनायचे, तुझ्या हातानं बरं वाटतंय."