खंडेनवमीचा कॉम्प्युटर

तेजस्विनीचं लग्न ठरलं तेव्हा ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिच्या वडिलांनी, भिमाजींनी, सासरच्यांकडे एकच मागणं केलं होतं, पोरीचं शिक्षण तोडू नका. "नाय तोडत," सासू गोजराबाई म्हणाल्या, "पण कॉलेजला जायचं नाय. म्हसरूळहून रोज बस धरून सून गावभर हिंडली तर फुलं कोनी तोडायची?" तेव्हा कुणीतरी सुचवलं, आता कॉम्प्युटरवर कॉलेज निघालंय, घरबसल्या डिग्री. दोन हजार सात सालची गोष्ट. भिमाजींना तर देवच पावला! त्यांनी नाशिक रोडहून टेम्पोत घालून कॉम्प्युटर पाठवला, लेकीला आंदण म्हणून. गोजराबाईंनी तेवढं बजावून ठेवलं, "एकदा नापास झाली की पुरे हां. मग ते खोकं घरात नको."

घरबसल्या! शब्द किती गोड, आणि मेला किती फसवा. कॉलेजात प्रतिभा मॅडम तास सुरू झाला की वर्गाचं दार लावून घ्यायच्या. तेव्हा तेजस्विनीला त्याचा राग यायचा. त्या दाराची किंमत तिला सासरी कळली. दाराआड तासभर ती कुणाची सून नव्हती, कुणाची लेक नव्हती, तिला हाक मारून उठवायची कुणाची छाती नव्हती. समजलं नाही तर मॅडमना तिचं तोंड बघूनच कळायचं. "तेजू, परत सांगू?" इथे पडद्यातला मास्तर कुठल्या लांबच्या शहरातून बोलायचा. आवाज आला तर चित्र नाही, चित्र आलं तर आवाज नाही, आणि लोडशेडिंग सुरू झालं की मास्तरच गडप. त्यात गोजराबाईंना एक गोष्ट फार लवकर उमगली, नाव टाकून बटण दाबलं की हजेरी लागते. "लागली ना हजेरी? मग ऊठ. त्याचं त्याला बोलू दे." मास्तर आतल्या खोलीत बडबडत राहायचा आणि तेजस्विनी ओसरीवर झेंडू ओवता ओवता कान देऊन बसायची.

तरी पठ्ठी नेटाने शिकली. लेखी सगळे पेपर निघाले. राहिली फक्त तोंडी परीक्षा, कानाला हेडफोन लावून द्यायची. आणि तारीख आली नेमकी खंडेनवमीची, सकाळी अकराची. नवऱ्याला, महेशला, तिने आधीच सांगितलं होतं. "दे की, मी आईच्या कानावर घालतो," तो म्हणाला होता. पण दसऱ्याचा झेंडू म्हणजे माळ्याच्या घरी लगीनघाई. त्या गडबडीत कसलं कानावर घालणं! पहाटेच तो माल घेऊन फुलबाजारात गेला आणि तेजस्विनी उरलेली फुलं तोडायला मळ्यात.

ती परतली तर ओसरीत पाट मांडलेले. कोयता, विळे, फवारणीचा पंप, आणि मधोमध कॉम्प्युटर. वायरी सोडून गुंडाळलेल्या, पडद्याला हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूची भरघोस माळ. गोजराबाईंच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "बघ, पयला मान तुझ्या खोक्याला दिला!"

तेजस्विनीने फुलांची टोपली तिथेच खाली टाकली. "आई, आज माझी परीक्षा आहे! अकराला!"

"आज? अगं, पूजा झाली की. पूजेला बसलेल्या हत्याराला आज हात लावत नसत्यात. माझा कोयता बी बसलाय. उद्या दे."

"उद्या नाही घेत हो ते!"

"असले कसले मास्तर? वर्साचा सण कळत नाय त्यांना?"

बाई खोटं बोलत नव्हती, दुष्टावाही करत नव्हती. कौतुकानेच सुनेच्या पायावर धोंडा पाडला होता तिने. भांडायचं तरी कुणाशी?

तेजस्विनी चपला अडकवून फाट्यावरच्या नेट कॅफेकडे पळत सुटली. शटर उघडं होतं. आत उदबत्तीचा घमघमाट, आणि भिंतीला लागून कॉम्प्युटरची रांग, सगळे बंद, सगळ्यांच्या गळ्यात माळा. त्यांच्याच मळ्यातल्या. महेशने जाता जाता देऊन टाकल्या असणार. "पेढा घ्या वहिनी," मालक बहिरू म्हणाला.

"एकच चालू करा भाऊ. हात जोडते."

"आधी सांगायचं ना, एक बाजूला ठेवला असता. आता पूजा झाली." तो खरंच ओशाळला होता.

ती तिथेच पायरीवर बसली. कॉलेजात एकदा बस बंद पडली म्हणून ती तोंडीला धापा टाकत, तास उलटून गेल्यावर पोचली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, "आधी पाणी पी, मग सांग." आता अकरा वाजून गेले आणि लांबच्या शहरात कुणीतरी तिचं नाव पुकारलं असेल, उत्तर नाही म्हणून पुढचं पुकारलं असेल. पाणी पी म्हणणारं तिथे कोण होतं?

दसऱ्याच्या सकाळी गोजराबाईंनी स्वतःच्या हाताने माळ उतरवली. "हं, आता दे." तेजस्विनीने वायरी जोडल्या. पडद्यावर तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं होतं, खाली नापास.

"नापास म्हनजे गं?" गोजराबाईंचा आवाज मऊ झाला. "जाऊ दे. नसंल नशिबात. ठरल्यापरमानं आता पुरे."

दुपारी महेशने कॉम्प्युटर जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकला. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं. तेजस्विनी ओसरीवर बसून वर बघत होती. तिच्या तोंडून हळूच निघालं, "हजर, मॅडम."

"कोनाला म्हनली?" आतून गोजराबाईंनी विचारलं.

"कोणाला नाही," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला घेतला. संध्याकाळच्या माळा अजून निम्म्या व्हायच्या होत्या.