उल्काबाबाचा तापता दगड

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर उल्काबाबाने एका म्हाताऱ्याच्या तळहातावर काळा, भोकाभोकांचा दगड ठेवला, वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात म्हातारा म्हणाला, "तापला. दगड तापला." लोकांनी हात जोडले.

"मंगळावरून आलाय," बाबा ध्वनिक्षेपकात म्हणाला. "थेट. मध्ये दलाल नाही. तुमचा रोग ओढून घेतो, म्हणून तापतो. आणि हे मी म्हणत नाही हं, विज्ञान म्हणतं." त्याने मागच्या फलकाकडे बोट केलं. फलकावर एका संशोधक बाईचं नाव आणि फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'आकाशातल्या दगडात जीवनाची बीजं'.

फोटोतली ती बाई, घरातली धाकटी, दाराशी उभी राहून हे ऐकत होती. ग्रह आणि उल्का अभ्यासण्यात तिची हयात गेली होती. तिच्या निबंधांचे दाखले देशोदेशीचे संशोधक देत, पण ते सगळे संशोधक गोळा केले असते तरी या सभागृहाच्या पुढच्या रांगा कशाबशा भरल्या असत्या. तिच्या नावाची खरी चलती इथे होती, आणि तिला त्याची शिसारी आली.

ती भावोजींना न्यायला आली होती. तिची थोरली बहीण इस्पितळात तापाने बरळत होती. मधुमेह जुना, हाताची संवेदना गेलेली, त्यामुळे भावोजींनी इथून नेलेल्या दगडाने तळहात भाजतोय हे थोरलीला कळलंच नाही. जखम चिघळून काळी पडली तेव्हा बाबा म्हणाला, रोग बाहेर पडतोय, आता इन्सुलिन बंद करा. आज हात मनगटापासून काढला नाही तर बाई वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि होकार द्यायचं सोडून भावोजी इथे मोठा दगड मागायला रांगेत उभे होते.

"भावोजी, चला. डॉक्टर थांबलेत."

"थोडं थांब गं. मोठा दगड मिळाला की हात वाचेल. शिवणकामावर जीव आहे तिचा, हात गेला तर करेल काय ती?" मग फलकाकडे बघत ते म्हणाले, "आणि शोध तर तुझाच ना? तुझ्या बातमीचं कात्रण मीच बाबांना नेऊन दाखवलं. आपल्या घरातली पोर म्हणून."

तो मथळा वार्ताहराचा होता. तिने लिहिलं होतं ते एवढंच, की सजीवांच्या शरीरात असतात तशी काही द्रव्यं काही उल्कांमध्येही सापडतात. पण हे समजावत बसायला वेळ नव्हता. ती सरळ व्यासपीठावर चढली.

बाबा हरखला. "खुद्द मॅडम आल्या. आता मी कशाला बोलू?"

"नकाच बोलू," म्हणत तिने त्याच्या पेटीतला एक कोरडा दगड उचलला आणि पर्समधलं भिंग डोळ्याला लावलं. "हा आकाशातून आलेला नाही. उल्केला अशी भोकं नसतात. लोखंडाच्या भट्टीतून जो मळ निघतो, त्यात हवेचे बुडबुडे राहून अशी भोकं पडतात. भट्टीमागे ढीग पडलेले असतात याचे."

"मग तापतो कसा?" म्हाताऱ्याने विचारलं.

भिंगातून तिला ते आत्ताच दिसलं होतं. भोकांत पांढरी पूड ठासून वरून काजळी फासली होती. तिने दगड टेबलावर ठेवला आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. चर्र झालं, भोकांतून वाफ निघाली.

"कळीचा चुना," ती म्हणाली. "पाणी लागलं की तापतो. म्हणून फडकं ओलं. आता बाबा, या टेबलाला कोणता रोग आहे ते सांगा."

"शंका घेतली म्हणून दगड रागावला," बाबा म्हणाला.

"रोग ओढला तरी तापतो, रागावला तरी तापतो. सोयीचा दगड आहे."

म्हातारा आपल्या लालभडक तळव्याकडे बघत राहिला. अर्धी रांग मोडली, अर्धी तशीच उभी राहिली. भावोजींनी पुढे येऊन दगडाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"म्हणजे तिचा हात मी भाजवला," ते म्हणाले.

"आधी चला," धाकटी म्हणाली.

थोरली वाचली. उजवा हात गेला. शुद्धीवर आल्यावर मनगटावरच्या पट्टीकडे बघत तिने विचारलं,

"तुझ्या लेखात खरं काय होतं गं?"

धाकटीने सांगितलं.

"तुला विचारणार होते मी. फोन हातात घेतलाही होता. मग वाटलं, नाव तुझंच आहे, त्यात काय विचारायचं."

धाकटीला रडू आवरेना. "माझं नाव असलं तरी विचारायचं, ताई. कोण सांगतंय ते राहू दे, कशावरून सांगतंय ते विचारायचं. दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. आणि तोवर औषध थांबवायचं नाही."

थोरलीने डोळे मिटून घेतले. "हे मला सांगून आता काय उपयोग?" ती म्हणाली. "ज्यांचे हात अजून शाबूत आहेत, त्यांना जाऊन सांग."