पर्लच्या कार्डासाठी एक सही

नकाराचं पत्र दोनदा वाचून व्हर्लीनने चष्मा काढला आणि समोरच्या बाईला विचारलं, "अगं, तू पगाराच्या कुठल्या चिठ्ठ्या पाठवल्यास?"

"चांगल्या," ट्रीना म्हणाली. "सगळ्यात चांगल्या चार."

ट्रीना टर्की पक्षी कापायच्या कारखान्यातून सरळ आली होती, गमबूट न काढताच. गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत व्हर्लीन आठवड्यातले चार दिवस बसायची आणि कामकऱ्यांच्या पोरांना सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड मिळवून द्यायची. अकरा वर्षं हाच उद्योग. कारखान्याचा स्वतःचा विमा होता म्हणे, पण त्यात पोरांची नावं घालायची तर निम्मा पगार तिथंच खपायचा. ज्याने तो विमा काढला त्याला एकदा समोर बसवून जाब विचारावा, असं व्हर्लीनला फार वाटे.

चांगल्या म्हणजे काय, हे तिला विचारावं लागलं नाही. या गावात राहायला ट्रेलर भाड्याने घ्यायचा असो की जुनी गाडी हप्त्याने, समोरच्याला आपली सगळ्यात घसघशीत पगाराची चिठ्ठी दाखवायची, हे प्रत्येक जण आईबापांकडून शिकलेला. कमी पगाराची दाखवली की लोक दारातूनच वाटेला लावतात. ट्रीनानेही तेच केलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी टर्की कापायची झुंबड उडते, ओव्हरटाइम सक्तीचा होतो, तेव्हाच्या ऑक्टोबरच्या चिठ्ठ्या तिने निवडून, इस्त्री केल्यासारख्या सरळ करून पाठवल्या. विम्याच्या सरकारी कचेरीने त्याच महिन्याच्या पगाराला बाराने गुणलं आणि कळवून टाकलं की ही बाई खाऊनपिऊन सुखी आहे, हिच्या मुलीला कार्डाची गरज नाही.

"मला वाटलं, नीटनेटकं दिसावं," ट्रीना म्हणाली. "आपण कष्टाने कमावतो, हे त्यांना दिसावं."

व्हर्लीन तिच्यावर काय रागावणार? राग होता तो त्या कचेरीवर. वर्षभर ही बाई काय कमावते हे बघायला एक फोन पुरला असता.

ट्रीनाची पर्ल सहा वर्षांची. उजव्या कानाच्या पडद्यामागे गाठ वाढत होती आणि आतली बारीक हाडं खात चालली होती. शाळेतल्या बाईंनी आधी तिला मंद ठरवून मागच्या बाकावर टाकलं. तिला त्या कानाने ऐकूच येत नाही, हे कळायला वर्ष गेलं. शहरातल्या डॉक्टरांनी वीस नोव्हेंबरला ऑपरेशन ठरवलं होतं. उशीर झाला तर तो कान गेलाच म्हणून समजा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलेलं. कार्ड नसेल तर मात्र इस्पितळ तिला आत घेणार नव्हतं.

व्हर्लीनने ट्रीनाच्या देखत कचेरीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक बाई बोलली. नुसत्या दुसऱ्या चिठ्ठ्या आता चालणार नाहीत, पण सोपं आहे म्हणाली. हा ओव्हरटाइम फक्त सणापुरता आहे, असं कारखान्याने दोन ओळींत लिहून द्यायचं, खाली सही. बस.

"बघ, झालंच समज," व्हर्लीन ट्रीनाला म्हणाली. ते आपण म्हणायला नको होतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती दोन ओळी टाइप करूनच कारखान्यात गेली. मॅनेजर ग्रेडी फॉल्क उठून उभा राहिला, खुर्ची दिली, कॉफी मागवली. चर्चमध्ये तो पहिल्या रांगेत बसायचा आणि कुणाच्याही दुखण्याखुपण्याला सगळ्यांच्या आधी मान हलवायचा.

"मिस व्हर्लीन, जीव तुटतो हो त्या पोरीसाठी," तो म्हणाला. "पण हेड ऑफिसने मनाई केलीय. कुठल्याही कामगारासाठी पत्र द्यायचं नाही. माझे हात बांधलेले आहेत."

"दोनच ओळी आहेत, मिस्टर ग्रेडी. आणि खऱ्या आहेत."

"खऱ्या असतील. पण आज एकीला दिलं की उद्या चारशे जण दारात उभे."

"मग चारशे पोरांना कार्डं मिळतील. तुमच्या खिशातून काय जाणार आहे?"

तो हसला, एखाद्या हट्टी म्हातारीकडे बघून हसावं तसा. "तुम्ही काळजीच सोडा. आपण पर्लसाठी त्याहून मोठं काहीतरी करू. जेवणावळ घालू."

आणि खरंच घातली. या गावात कुणाचं पोर आजारी पडलं की चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात, ताटामागे पैसे घेतात आणि गल्ला घरच्यांच्या हाती देतात. चांगली माणसं मनापासून करतात ते. व्हर्लीननेही जन्मभर कढईपुढे उभं राहून मासे तळलेत. पण या वेळी हॉलच्या दारावर कारखान्याचं भलंमोठं बॅनर होतं, आणि ताटं विकत घ्यायला रांगेत उभे होते ते ट्रीनाच्याच बरोबरचे, दिवसभर टर्की कापून हात सुजलेले लोक. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पोरांना कार्ड नव्हतं. ते आपल्या खिशातून देत होते आणि नाव होत होतं कारखान्याचं.

पर्लला केसात हाताएवढा गुलाबी रिबिनीचा बो बांधून स्टेजवर खुर्चीत बसवलं होतं. ग्रेडीने तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतले. मग माइक हातात घेऊन म्हणाला, "आमचा कारखाना म्हणजे एक कुटुंब आहे." पोरगी त्याच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत बसली. व्हर्लीनला समोरचा मासा गिळवेना. तळलेल्या तेलाचा वासही तिला नकोसा झाला.

तो खाली उतरला तशी ती कागद आणि पेन घेऊन आडवी गेली. "मिस्टर ग्रेडी, इथेच सही करा. सगळं कुटुंब साक्षीला आहे."

त्याच्या तोंडावरचं हसू हललं नाही, आवाज तेवढा उतरला. "सोमवारी बघू. पोरीच्या कार्यक्रमाचा विचका नका करू."

ट्रीनाने मागून व्हर्लीनची बाही ओढली. "मिस व्हर्लीन, नको ना. ते माझ्यावर डूख धरतील. पाया पडते तुमच्या."

जमलेल्या पैशात भूल देणाऱ्या डॉक्टरचंसुद्धा भागलं नसतं. सोमवार आला आणि गेला. मंगळवारी ग्रेडीने फोन उचलायचंही सोडून दिलं.

बुधवारी ट्रीना पुन्हा आली. बसली नाही.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"माझी नोकरी गेली तर पर्लला कार्ड मिळेल?"

कामकऱ्यांच्या पोरांसाठी म्हणून काढलेली योजना, आणि ही बाई काम सोडल्याशिवाय तिच्यात बसत नव्हती. खोटं बोलावं असं क्षणभर व्हर्लीनच्या मनात आलं. पण वीस तारखेला बारा दिवस उरले होते.

"मिळेल," ती म्हणाली. "दोन-तीन दिवसांत मिळेल. मात्र आपणहून सोडलीस तर शंभर प्रश्न विचारतील. काढून टाकलं असं लेखी हवं."

"आणि एकदा मिळालं की?"

"वर्षभर हलत नाही. नंतर तू कुठंही काम कर."

"मग सोपं आहे," ट्रीना म्हणाली. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा एक खाडा तीन खाड्यांसारखा धरतात आणि असे दोन झाले की काढून टाकतात, हे तिला व्हर्लीनने सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांत एकही दिवस न चुकवलेली ती बाई शनिवारी गेली नाही, सोमवारीही गेली नाही.

मंगळवारी सकाळी तिच्या हातात कारखान्याचं पत्र होतं. ट्रीना हॅक्लर हिला आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही. बरोबर दोन ओळी. तारीख, शिक्का, आणि खाली ग्रेडी फॉल्कची लांबलचक, गोलाकार सही.

व्हर्लीन त्या सहीकडे बघत राहिली. हिला मनाई नव्हती हेड ऑफिसची. हिच्यासाठी हात सुटले मेल्याचे. तिला इतकी शिसारी आली की तो कागद कचेरीला फॅक्स करताना तिने दोन बोटांत धरला होता.

शुक्रवारी कार्ड मंजूर झालं. तीच फोनवरची बाई म्हणाली, "आता कसं, कागदपत्रं अगदी चोख आहेत."

वीस तारखेला ऑपरेशन झालं. गाठ निघाली, कान वाचला. ट्रीनाला एका मोटेलात खोल्या झाडायचं काम मिळालं, आधीच्या निम्म्या पगारावर.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये ग्रेडी आपणहून उठून पुढे गेला. तिथून वळून त्याने मागे बसलेल्या पर्लकडे बोट दाखवलं. लेकरावरची कृपा आपण डोळ्यांनी बघतोय, म्हणाला. सगळ्यांच्या प्रार्थनेने आणि कारखान्याच्या जेवणावळीने हे ऑपरेशन पार पडलं, म्हणाला. बोलता बोलता त्याचे डोळेसुद्धा भरून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्हर्लीन ताडकन उभी राहिली. तोंड उघडलं, आणि तिची नजर शेजारच्या बाकावरच्या ट्रीनावर गेली. ट्रीना तिच्याकडेच बघत होती आणि मान हलवून नको म्हणत होती, अगदी बारीक. सहा महिन्यांनी तिला पुन्हा त्याच माणसाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं होतं.

व्हर्लीन खाली बसली.

पर्लच्या डोक्याभोवती अजून पट्टी होती. तिने आईच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "मम्मी, हे टाळ्या कशाला वाजवतायत?"

"गप," ट्रीना म्हणाली. "आपणही वाजवायच्या."

आणि तिने वाजवायला सुरुवात केली.