एस्तेरबाईंनी निवडलेला खेळ

देवळाली प्रवऱ्याच्या चर्चमधली मंडळी दर वर्षी नाताळाच्या आधी एकदा पुण्याला नाटकं बघायला जायची. एक बस, एक दिवस, दोन नाटकं. ही पद्धत जॉन पाटोळे सरांनी पाडलेली. कोणती नाटकं बघायची ते ठरवायला सगळे सरांच्या पडवीत जमत. सर पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान सतरंजीवर पसरत, एकेक नाव मोठ्यानं वाचत, प्रत्येकाला विचारत, सगळ्यांचं नीट ऐकून घेत आणि शेवटी चष्मा काढून म्हणत, "चला तर मग, हे ठरलं!"

जे ठरायचं ते सरांच्या मनात सकाळीच ठरलेलं असायचं. त्यावर कधी कुणाची तक्रार नव्हती. सर मराठीचे शिक्षक, त्यांना नाटकातलं कळायचं. आणि ती निवड होत असताना त्यांच्या पत्नी एस्तेरबाई आत चहा गाळत असायच्या. मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन म्हणून त्यांनी उभी हयात काढलेली. शंभर पोरींना एका हाकेत ओळीत उभं करणारी बाई. पण नाटकांच्या बाबतीत त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्याही कधी काही बोलल्या नव्हत्या.

सर यंदा मार्चमध्ये गेले. त्याआधी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, तेव्हा सहलही निघाली नव्हती.

त्यामुळे या खेपेला पान पसरलं ते त्यांचे धाकटे भाऊ स्टीफन यांनी. स्टीफन शुगर फॅक्टरीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, आता चर्चच्या कारभारी मंडळातले पंच. पडवी तीच, सतरंजी तीच. एस्तेरबाई आणि त्यांची सून जास्मिन चहाचे कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा सकाळचं नाटक ठरूनही गेलं होतं. विनोदी होतं, कुणाची काही हरकत नव्हती.

"आणि दुपारचं," स्टीफन घसा साफ करून म्हणाले, "दुपारचं दादांच्या स्मरणार्थ. दादांना आवडलं असतं असंच नाटक शोधलंय मी. एक प्राध्यापक असतो, आजारी. त्याला आता जगायचं नसतं. बायको म्हणते जगा, मुलगा म्हणतो जाऊ द्या. लई खोल विषय आहे. पेपरात चार स्टार दिलेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. स्टीफनची बायको दया पदराला हात पुसत म्हणाली, "जॉन सरांना फार आवडलं असतं."

तेवढ्यात कोपऱ्यातून रंगुबाई बोलली. रंगुबाई शेजारीण, चर्चची नव्हे. तिच्या घरात खंडोबाचा टाक. पण सहलीला पहिल्या वर्षापासून यायची. ती म्हणाली, "जानसराला आवडलं असतं ते कळलं की वो. पन एस्तेर, तुला काय आवडतं?"

प्रश्न साधा होता. एस्तेरबाई कपांचा ट्रे हातात धरून उभ्या राहिल्या. सरांना काय आवडायचं ते त्यांना पाठ होतं. मोजकी माणसं, लांब लांब भाषणं, दुसऱ्या अंकात रडं. सरांना गाणी नको असायची, गोंगाट नको असायचा, प्रेक्षकांत कुणी खुसखुसलं की ते मागे वळून बघायचे. स्वतःला काय आवडतं म्हणून त्या आत चाचपू लागल्या, तर तिथं काहीच हाताला लागेना.

"मला?" त्या म्हणाल्या. "मला काय, काहीही चालतं."

मंडळी हसली. पण एस्तेरबाईंना स्वतःचाच असा राग आला की त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पान मागवून घेतलं आणि अंगणातल्या खुर्चीत बसून सगळं वाचून काढलं. खालच्या कोपऱ्यात एक चौकोन होता. लावणीचा कार्यक्रम, दुपारचा, खास महिलांसाठी. नऊवारीतल्या एका बाईचा फोटो, हात कपाळाशी, मान तिरकी. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग जास्मिनला हाक मारली.

"हे कुठंशी आलं बघ गं तुझ्या मोबाईलवर. आणि तिकिटं राहिलीत का बघ."

जास्मिननं पान बघितलं, मग सासूकडं बघितलं. "मम्मी, लावणी?"

"हो. लावणी."

"आवडते तुम्हाला?"

"माहीत नाही," एस्तेरबाई म्हणाल्या. "तेच बघायचंय."

बातमी संध्याकाळपर्यंत स्टीफनच्या कानावर गेली आणि ते चपला न काढताच पडवीत आले.

"वहिनी, मी ऐकलं ते खरं आहे का?"

"खरं आहे, भाऊजी. बसा."

ते बसले नाहीत. "दादांना जाऊन वर्ष झालं नाही अजून. सहल दादांच्या नावानं. आणि तुम्ही लावणी बघायला जाणार? चर्चमधले लोक काय म्हणतील? मी पंच आहे तिथला, मला तोंड दाखवायचंय रविवारी."

"लावणीत वाईट काय आहे?"

"ते मी तुमच्यासमोर बोलू शकत नाही."

"मग तुम्हाला माहीत आहे म्हणायचं," एस्तेरबाई म्हणाल्या. "मला माहीत नाही. मी जाऊन बघते."

स्टीफन लाल झाले. मग त्यांनी आवाज मऊ केला. "वहिनी, ते नाटक दादांसाठी आहे. तुम्हीच नसाल तर काय अर्थ राहिला?"

तेव्हा एस्तेरबाई खुर्चीतून उठल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. बोर्डिंगमध्येही त्या कधी चढवत नसत.

"भाऊजी, तुमच्या नाटकातला प्राध्यापक दोन अंक अंथरुणावर पडून राहणार. मी दोन वर्षं काढली आहेत त्या अंथरुणापाशी. त्यांची कूस बदलली, तोंडात चमच्यानं पेज घातली, शेवटी शेवटी ते मला ओळखत नव्हते तेव्हाही त्यांच्याशी बोलत बसले. तुम्ही दर रविवारी प्रार्थना करून जायचात. चांगली करायचात. पण आता तेच मी तिकीट काढून बघायचं? मरण मी फुकटात बघितलंय. पुरे झालं."

स्टीफन जायला वळले. मग म्हणाले, "बस तिकडं थांबणार नाही."

"नका थांबवू. पुण्यात रिक्षा मिळतात."

सहलीच्या दिवशी बस पहाटेच निघाली. राहुरीपर्यंत भजनं झाली, नगरला चहा झाला. एस्तेरबाईंशी सगळे बोलत होते, पण जरा जपून, ताप आलेल्या माणसाशी बोलावं तसं. सकाळचं नाटक छान झालं. मंडळी पोट धरून हसली, एस्तेरबाईही हसल्या. जेवण उरकून सगळे बसमध्ये चढले आणि पहिल्याच मोठ्या चौकात एस्तेरबाईंनी ड्रायव्हरला हाक दिली, "बाबा, इथं थांबव."

बस बाजूला लागली. रंगुबाई त्यांच्याआधी उठली. "मी बी येते. मला त्या परोफेसराचं काय बी घेनंदेनं न्हाई."

आणि जास्मिननं पर्स खांद्याला लावली.

"जास्मिन," पुढच्या सीटवरून स्टीफन म्हणाले. ते तिचे चुलतसासरे. त्यांच्यापुढं ती आजवर कधी मान वर करून बोलली नव्हती. "तू खाली बस. एकानं केलं म्हणून सगळ्यांनी करायचं नसतं."

जास्मिनचा हात पर्सच्या पट्ट्यावर तसाच राहिला. एस्तेरबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी तिला ये म्हटलं नाही की राहा म्हटलं नाही.

"काका," जास्मिन शेवटी म्हणाली, "मला ते आजारपणाचं बघवणार नाही. मीही होते ना घरात." आणि ती उतरली.

तिघी रिक्षानं नाट्यगृहावर गेल्या, तिकिटं खिडकीवरच मिळाली. दारात बायकाच बायका. कॉलेजच्या पोरी, नऊवारी नेसून गॉगल लावलेल्या बायका, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या. आत गेल्यावर तर कान बधिर व्हायची वेळ. ढोलकी वाजली आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. बायका शिट्ट्या मारत होत्या, ओढण्या भिरकावत होत्या, खुर्च्यांमधल्या वाटेत नाचत होत्या. एस्तेरबाईंच्या पुढच्या रांगेत एक जाडजूड बाई नातीला कडेवर घेऊन ठेका धरत होती.

पहिला अर्धा तास एस्तेरबाईंना ते मुळीच आवडलं नाही. लाइट डोळ्यांवर येत होते, स्पीकर फाटक्या आवाजात बडबडत होता, निवेदिका पांचट विनोद करत होती. दोन नाच तर इतके सारखे होते की पहिला संपून दुसरा कधी सुरू झाला ते कळलं नाही.

"हे भंगार आहे," त्या जास्मिनच्या कानात ओरडल्या.

"जायचं का?"

"नाही! बसायचं."

हे भंगार आहे असं आपण आपल्या तोंडानं म्हणालो याचंच त्यांना आतून हसू फुटलं. इतक्या वर्षांत नाटकावर त्यांचं असं स्वतःचं मत कधी पडलंच नव्हतं. घरी परतताना सर सांगत ते त्या ऐकत.

मध्यंतरानंतर लाइट उतरले. दोन माणसांनी रंगमंचावर एक गादी आणून टाकली, पेटीवाला शेजारी बसला. मग एक बाई आली. साठीची तरी असेल. अंगानं भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, दंडाला घट्ट चोळी. ती नाचली नाही. गादीवर बसली, पदर सावरला आणि गाऊ लागली. सासरी गेलेली एक बाई आपल्या माणसाची वाट बघते आहे, दिवा लावते, विझवते, पुन्हा लावते, एवढंच त्या गाण्यात होतं. पण तीच ओळ ती बाई पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर खेपेला हाताची बोटं, भुवई, ओठाचा कोपरा वेगळं काही सांगायचा. एकदा रुसवा, एकदा काळजी, एकदा अशी काही उघड ओढ की एस्तेरबाईंची कानशिलं तापली. त्यांनाही असं वाटलेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत, सर शाळेतून यायच्या वेळी. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सरांनाही नाही. आणि इथं एक म्हातारी बाई हजार बायकांसमोर ते बसल्या जागी खुलेआम सांगत होती, आणि तिला कसली म्हणून लाज नव्हती.

गाणं संपलं. आणि टाळ्या पडायच्या आतच कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "वन्स मोअर!"

जास्मिननं चमकून बाजूला बघितलं. एस्तेरबाई उभ्या होत्या.

"वन्स मोअर!" त्या पुन्हा म्हणाल्या, बोर्डिंगच्या अंगणात ऐकू जावं तशा. मग सगळीकडून तोच कल्ला उठला. रंगमंचावरच्या बाईनं कपाळाशी हात नेऊन मुजरा केला आणि तीच ओळ पुन्हा उचलली.

संध्याकाळी तिघी रिक्षानं बसपाशी आल्या. परतीच्या वाटेवर शिरूरच्या पुढं एका ढाब्यावर बस थांबली. बसमध्ये कुणी फार बोलत नव्हतं. प्राध्यापक शेवटी गेला होता म्हणे, आणि त्याला बराच वेळ लागला होता. मंडळी लांबलचक टेबलाभोवती बसली. गरम भाकरी आल्या, पिठलं आलं, वांग्याचं भरीत आलं. रिवाजाप्रमाणे स्टीफन प्रार्थनेला उभे राहिले, सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय बापा, या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. आजचा प्रवास तू सुखरूप केलास. आमच्या जॉनदादांच्या आठवणीत आम्ही आज एकत्र आलो. आणि बापा, आमच्यातली जी मेंढरं आज कळप सोडून भलत्या वाटेला गेली, त्यांना तू सद्बुद्धी दे, त्यांना क्षमा कर. येशूच्या नावानं मागतो…"

"थांबा, भाऊजी."

सगळ्यांचे डोळे उघडले. एस्तेरबाई हात जोडूनच बसल्या होत्या.

"या प्रार्थनेला माझं आमेन नाही."

"वहिनी, प्रार्थना चालू आहे."

"म्हणूनच बोलले. देवाशी बोलता बोलता मला टोमणा मारलात. मला काही सांगायचं असलं तर माझ्याकडं बघून सांगा. त्याला मध्ये घेऊ नका." मग त्यांनी स्वतःच डोळे मिटले. "बापा, या गरम भाकरीबद्दल तुझे आभार. जिनं ती थापली तिचं भलं कर. आज जी बाई गायली तिचा गळा तूच दिलास, तो शाबूत ठेव. जॉनला तुझ्याजवळ सुखात ठेव, तिथं त्याला हवं ते बघू दे. आणि इथं मला हवं ते मला बघू दे. येशूच्या नावानं."

स्टीफन उभेच होते. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"आमेन!" रंगुबाई इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले वळून बघू लागले. "आरं म्हना की आमेन, भाकरी निवायल्यात."

मग जास्मिन म्हणाली. मग टेबलाच्या दोन्ही टोकांकडून, कुणी हळू, कुणी हसू दाबत. स्टीफन खाली बसले. आमेन त्यांनी म्हटलं की नाही ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून जेवू लागले.

थोड्या वेळानं त्यांच्या शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दया ताट उचलून उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि एस्तेरबाईंच्या शेजारी बसली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

"कशी होती गं ती बाई?" तिनं विचारलं. "गाणारी."

"अर्धा कार्यक्रम बेकार होता, आधीच सांगते."

"असू दे. ती बाई कशी होती ते सांग. पहिल्यापासून सांग."

एस्तेरबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली, बोटं पुसली आणि पदर सावरून बसल्या. "गादीवर बसली बघ अशी," त्या म्हणाल्या, आणि टेबलाभोवतीच्या बायका आपापली ताटं घेऊन एकेक करून जवळ सरकू लागल्या.