रंभाबाईंनी तिरपं केलेलं कपाट

"रंभाबाई, काही हरवलंय का?"

पन्नाशीची बाई, लुगड्याचा कासोटा आवळून, रिकाम्या वर्गात गुडघ्यांवर रांगत होती. मी दारात उभी. माझी लेक अंबू माझ्या पदराआड.

"न्हाय ओ ताई. पोरास्नी हितनं काय दिसतंय ते बगतिया." त्या तशाच पुढे गेल्या. "तुमचा तक्ता दिसंना बगा. नुस्ती खालची पट्टी दिसतीया."

अंबूचं नाव घालताना बालवाडीला द्यायला म्हणून तो मुळाक्षरांचा तक्ता मी आठवडाभर खपून रंगवला होता. बी.ए.ला माझं मानसशास्त्र होतं. आणि तक्ता मी ठोकला होता माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. रंभाबाईंनी खिळा उपटला आणि तो पार खाली, माझ्या गुडघ्याशी लावला. हसल्या असत्या तरी चाललं असतं. हसल्याही नाहीत.

रंभाबाई मूळच्या कुंभारी गावच्या, सातवी पास. गिरणीतलं कांड्यांवर सूत भरायचं काम सुटलं, तेव्हा विणकरांच्या वस्तीतल्या या एका खोलीच्या बालवाडीत लागल्या. खोलीत विकत आणलेलं फारसं काही नव्हतं. रिकाम्या कांड्या रंगवून टोपल्यांत ठेवलेल्या. भिंत खालून कमरेपर्यंत काळी केलेली, खडूने हव्या तेवढ्या रेघोट्या मारायला.

अंबू साडेतीन वर्षांची. घरात तोंडाला खीळ नाही, उंबरा ओलांडला की ओठ शिवल्यासारखे. आधीच्या शाळेने पंधरा दिवसांत सांगितलं होतं, "मुकी असेल, दाखवून घ्या. इथे नका आणू." इथेही जमलं नाही तर तिला कुठे न्यायचं, मला ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी ती कपाटामागे जाऊन बसली. मी बाहेर, खिडकीचे गज धरून. आठ दिवस हेच.

"तिला सगळ्यांच्यात बसवा ना," मी शेवटी म्हणाले.

"तिनं तिची जागा निवडलीया. आपुन कशाला उटवायची?"

दुसऱ्या दिवशी पाहते तर कपाट तिरपं केलेलं. मागे जुन्या चादरीचा अर्धा पडदा, आत चटई आणि कांड्यांची एक टोपली.

"एवढ्याशा जागेत?"

"दोगीच मावत्याल. मुद्दाम क्येलंय. मोट्या जागंत बोलाया लागत न्हाय ओ, ज्यो त्यो आपल्या वाटंनं फिरतो. तुमच्या कालिजात न्हाय का सांगत ह्ये?"

नव्हतं सांगितलं. त्या तिरप्या कपाटाची आठवण आली की अजून हात जोडावेसे वाटतात.

दुसरी कोण, ते मात्र त्यांनी ठरवलं नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी नीलम्मा आपणहून पडद्याखालून आत शिरली. घरी कन्नड बोलणारी, अंगाने दणकट पोर. ऐसपैस मांडी ठोकून बसली ती टोपली अडवूनच. अंबूने तिच्याकडे पाहिलं. मग टोपलीकडे. मग खिडकीकडे, माझ्याकडे. मी हाक मारणार, तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाहून रंभाबाईंनी मान न वळवता नुसता हात वर केला. 

"सरक की," अंबू म्हणाली.

नीलम्मा सरकली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"तांबडी कांडी माझी."

"हं, घे."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मला गालावर आल्यावर कळलं. रंभाबाई एका पोराचं नाक पुसत होत्या. ते नीट पुसून झाल्यावरच खिडकीशी आल्या.

"बाई, तुमचे उपकार मी कसे..."

"ते ऱ्हाऊ द्या ताई. जरा बाजूला व्हा. पोरींचा उजेड अडतोय."

मी बाजूला झाले. भिंतीला पाठ टेकून उभी राहिले. तिथून आतलं काहीच दिसत नव्हतं. फक्त दोन आवाज येत होते, एकात एक मिसळलेले. चटईवर आता ऊन पडलं असणार.