डावी बाजू मुलांची

“डावीकडून! अगं मॅबल, डावीकडून ये!”

हर्शेल टॅकेटने कंबर वळवली, उजवी कूस भिंतीला टेकवली आणि डावा हात पसरला. बालवर्गातली मॅबल धावत येऊन त्याला बिलगली. तिच्यामागे आणखी तिघं ताटकळत होती. बालवर्गातल्या मुलाचं डोकं बरोबर पोलिसाच्या पट्ट्याशी येतं आणि पट्ट्याच्या उजवीकडे पिस्तूल असतं. म्हणून शाळेवर नेमणूक झाल्या झाल्या हर्शेलने वाटणी करून टाकली होती. उजवी बाजू सरकारची, डावी मुलांची. हिकरी लिक गावात सख्ख्या भावांमधली कुंपणंही इतकी टिकत नाहीत, पण ही वाटणी अकरा वर्षं टिकली. त्यातही गंमत अशी की पगार उजव्या बाजूचा आणि तिला इतक्या वर्षांत एकदाही काम पडलेलं नाही. डावीला मात्र एका दिवसाची उसंत नाही.

“मिठ्या मारून घ्यायचा पगार मिळतो तुला,” शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारातून ओपल म्हणाली. ती त्याच्याच वर्गात शिकलेली, त्यामुळे त्याच्या गणवेशाचा धाक तिला कधी वाटलाच नाही.

“मग करू या अदलाबदल?”

“नको बाबा. तू बटाटे करपवशील, आणि मला कोण येतंय मिठी मारायला!”

हे असंच चालू राहिलं असतं. पण त्या वसंतात डोंगरापलीकडच्या एका शाळेत गोळीबार झाला. तिथला पोलीस क्लेटस याने हर्शेलबरोबरच प्रशिक्षण घेतलं होतं. क्लेटस कुणाची वाट न बघता एकटा आत शिरला. लांबलचक व्हरांडा, त्या टोकाला रायफल, या टोकाला क्लेटसचं पिस्तूल. पुढचं गावात कुणी मोठ्याने बोलत नसे.

तेव्हापासून हिकरी लिकमध्ये दोन तट पडले. बंदूक असावी की नसावी, हा वाद नव्हताच. हरणांच्या शिकारीचा मोसम लागला की या गावात शाळेलाच सुट्टी द्यावी लागते. शाळेतल्या पोलिसाला रायफल द्यायची हेही सगळ्यांना मान्य होतं. भांडण होतं ते ती ठेवायची कुठे, यावर. पोलीसप्रमुख ड्वेन स्टँपर म्हणे, दिवसभर छातीवर. मुख्याध्यापिका कॉडिलबाई म्हणत, कचेरीच्या भिंतीतल्या पोलादी कपाटात, कुलपात. गुरुवारी शाळा मंडळाची बैठक होती, आणि मंडळ हर्शेलच्या शब्दाबाहेर जाणार नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्या आठवड्यात हर्शेलचा भाव फार वधारला.

ड्वेन कॉफी घेऊन आला. वर्षभरात पहिल्यांदाच.

“हर्शेल, तुम्ही हो म्हणालात की विषय संपला.”

“ड्वेन, तुला टरबुजं चोरताना धरलं ना मी, तेव्हा माझ्याकडे काठीसुद्धा नव्हती.”

“माझ्याकडे तरी कुठे होती?” ड्वेन म्हणाला, पण हसला नाही.

हर्शेलने कॉफीकडे बघितलं. “छातीवर ते धूड अडकवलं, तर पोरांनी बिलगायचं कुठे रे?”

“ते मला नाही माहीत,” ड्वेन म्हणाला. “माझीही एक आहे दुसरीत.”

कॉडिलबाईंनी कॉफी आणली नाही, त्या सरळ मुद्द्यावर आल्या. “सकाळी शाळेत पाऊल टाकल्यावर मुलांनी पहिली गोष्ट कुठली बघायची? बंदूक? टॅकेट, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?”

“आहे, बाई,” हर्शेल म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला कपाटच हवं होतं. माणसाला एखादी गोष्ट मनापासून हवी असली की तिच्या बाजूची कारणं आपोआप गोळा होतात. हर्शेलकडे ती ढीगभर झाली होती. पण क्लेटसचा व्हरांडा डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी शाळा रिकामी असताना त्याने ओपलला बोलावून घेतलं.

“स्वयंपाकघरात टेबलाखाली बस. मी हाक मारली की डोळे मीट आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लाग. नेहमीच्या चालीने, घाई नको.”

“या गुडघ्यांनी टेबलाखाली? परत बाहेर कोण काढणार मला?”

“मी काढीन.”

ओपल कुरकुरत बसली. हर्शेल बालवर्गाच्या दारात, सकाळी उभा असतो तिथे उभा राहिला. शाळेसाठी आलेली रायफल त्याने आधीच कपाटात बंद केली होती. त्याने हाक मारली आणि धावला. कचेरी, कपाट, आकड्यांचं कुलूप. बोटं घामेजली. कुलूप एकदा चुकलं. रायफल काढली, भरल्याचं नुसतं नाटक केलं, आणि धापा टाकत सगळा व्हरांडा ओलांडून तो स्वयंपाकघरात पोचला.

टेबलाखाली ओपल डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. ती प्रार्थना नव्हती.

“ओपल?”

तिने डोळे उघडले. थट्टेचा मागमूस नव्हता. “प्रार्थना संपली. पुन्हा म्हटली, तीही संपली. मग पोरांची नावं घ्यायला लागले, जेवणाच्या टेबलाप्रमाणे. दुसरं टेबल संपत आलं होतं, हर्शेल.”

हर्शेलने रायफल गळ्यात अडकवली. मग तो पुन्हा बालवर्गाच्या दाराशी गेला आणि तिथून हाक मारली. या वेळी त्याने आत येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ओपल ‘आमची रोजची भाकर’ या प्रार्थनेतल्या मधल्या ओळीवर पोचलीसुद्धा नव्हती.

त्याने तिला टेबलाखालून ओढून काढलं. दोघं तिथेच जमिनीवर बसली.

“कुणाला सांगायलाच हवं असं नाही,” ओपल म्हणाली.

“तू नाही सांगणार?”

“मी सांगेन की,” ओपल म्हणाली. “पण तू सांगितलंस तर बरं.”

गुरुवारी सगळा गाव शाळेच्या व्यायामशाळेत लोटला. ड्वेन बोलला, कॉडिलबाई बोलल्या. मागून एक बाप ओरडला, “तुमच्या चर्चेत आमची पोरं मरतील!” एक आई त्याच्यावर ओरडली. मग अध्यक्षांनी हर्शेलला पुढे बोलावलं. त्याने टोपी काढून हातात धरली.

“मला ती छातीवर नकोय,” तो म्हणाला. कॉडिलबाईंनी सुस्कारा सोडला. “पण शनिवारी मी धावून बघितलं.” मग त्याने ओपलची प्रार्थना सांगितली, आणि दुसरं टेबलही सांगितलं. कुठल्या मुलांची नावं ते सांगितलं नाही. प्रत्येकाने मनातल्या मनात आपापलं घातलं. “म्हणून छातीवरच द्या. आणि एक राहिलं. अकरा वर्षं तुम्ही आपली पोरं माझ्या अंगावर खुशाल सोडलीत. माझ्या घरी मूल नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तर, आभारी आहे मी तुमचा. एवढंच.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरंच झालं. कॉडिलबाईंनी चष्मा काढून पुसला. “मुलांना मी समजावीन, टॅकेट,” त्या म्हणाल्या. “ते काम तुमच्यावर नको.” आणि हात वर करणाऱ्यांमध्ये त्यांचा हात पहिला होता.

सोमवारी गाड्यांच्या रांगेत काचा खाली येत गेल्या. ज्यांनी कधी मानही हलवली नव्हती ते “थँक्यू, हर्शेल” म्हणून जात होते. मागून ओरडणारा तो बाप गाडीतून उतरून हात मिळवून गेला. हर्शेल प्रत्येकाला “असू द्या, असू द्या” म्हणत होता आणि त्यांच्यामागे पोरं शोधत होता.

पोरं आली. कॉडिलबाईंनी फारच छान समजावलं होतं. भिंतीच्या कडेने, एकामागून एक, त्याच्यापासून हातभर दूर राहून ती शहाण्यासारखी आत गेली. मॅबलने लांबूनच बोटं हलवली. हर्शेलनेही हलवली.

रांग संपत आली तेव्हा त्याच्या पायाला मागून दोन छोट्या हातांचा विळखा पडला. गाल मांडीवर घट्ट दाबला गेला. हर्शेल जागच्या जागी थिजला. तो वळला असता तर रायफलची नळीही वळली असती. त्याने दोन्ही हात रायफलवर ठेवले, नजर दारावर.

“थँक्यू,” तो समोर बघत हलकेच म्हणाला.

हात सुटले. बूट आतल्या दिशेने टपटपत गेले.

दुपारी ओपलने त्याच्यापुढे ताट सरकवलं. “मी दारातून बघितलं,” ती म्हणाली. “खांबाआड होतं पोर, दिसलं नाही. कोण रे?”

“काय माहीत,” हर्शेल म्हणाला. “मी दाराकडे बघत होतो.”